हळद पाव किलो, गाडीसाठी

कोल्हापूरहून नागपूरला जायला महाराष्ट्र एक्सप्रेस आहे. पुणे, मनमाड, भुसावळ करत ती नागपूर गाठते आणि तिथेही न थांबता गोंदियापर्यंत जाते. १,३०० किलोमीटरांहून जास्त धावूनही राज्याबाहेर पाऊल टाकत नाही. आत पाठ टेकायला बर्थ असतो, चहावाला आपणहून येतो आणि इंजिन तापलंच, तर ती काळजी रेल्वेची असते.

"तेव्हा दाजी, रेल्वेनंच या," असं नागपूरच्या मेहुण्याने फोनवर सांगितलं आणि तिथेच घोळ झाला. ज्याच्या दारात १९९५ सालची प्रीमियर पद्मिनी उभी आहे त्याला 'रेल्वेनं या' म्हणणं म्हणजे तालमीतून आलेल्या पैलवानाला 'जिना चढवेल ना?' असं विचारणं. पैलवान मग जिना चढत नाही, बाहेरच्या पाइपावरून चढून दाखवतो.

या गृहस्थांना यापुढे मालक म्हणू. कोल्हापुरात अनोळखी माणसालाही 'मालक' म्हणायची पद्धत आहे आणि गाडीची कागदपत्रंही त्यांच्याच नावावर आहेत. गाडी त्यांना मालक मानते की नाही, हा वेगळा प्रश्न. प्रस्तुत लेखकाचा आणि मालकांचा संबंध काय, हेही विचारू नये. हा मजकूर लिहिताना लेखकाच्या नखांत ग्रीस आहे, एवढं सांगून पुढे जाऊ.

मालकांनी तयारीला तीन महिने घेतले. दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर 'श्री' काढला आणि खाली लिहिलं : 'लांबच्या प्रवासात गाडी कुठे कुठे बंद पडू शकते.' दुसऱ्या दिवशी वही भरत आली तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, कुठे कुठे चालू राहू शकते ते लिहा. अर्ध्या पानात मावेल."

पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००. १,०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, आणि माहेर कुर्ल्याच्या कारखान्यात. १९७० च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळालं. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर उत्पादन थांबलं. मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस भरली आणि ती रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी मालकांनी आपली गाडी धुतली, तिला हार घातला आणि बराच वेळ शेजारी उभे राहिले. समोरच्या घरातल्या आजींनी खिडकीतून विचारलं, "कोण गेलं?"

वहीत एकूण ४३ वस्तू होत्या. फॅन बेल्ट, सीबी पॉइंटचा सेट, कंडेन्सर, रोटर, चार प्लग, पॉइंट घासायला पॉलिश पेपर, फ्यूज, बल्ब, ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल, बाइंडिंगची तार, एम-सील, टोचन करायला दोर, जॅक, जॅक मातीत रुतू नये म्हणून लाकडी ठोकळा. पेट्रोलच्या टाकीला बारीक गळती लागली तर दाबून बसवायला अंगाचा साबण. हा साबण मेस्त्री लोकांचा जुना उपाय आहे आणि तो खरंच काही काळ टिकतो, कारण साबण पाण्यात विरघळतो तसा पेट्रोलमध्ये विरघळत नाही. मालकीणबाईंनी साबण बघून समाधान व्यक्त केलं. त्यांना वाटलं, निदान आंघोळीचं तरी आठवलं.

वहीत इतिहासालाही एक पान होतं. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ या बाईंनी नवऱ्याला न सांगता त्याची तीन चाकांची मोटार बाहेर काढली, दोन मुलांना बसवलं आणि मानहाइमहून माहेरी फोर्त्सहाइमला शंभरावर किलोमीटर गेल्या. मोटारीतून केलेला जगातला पहिला लांबचा प्रवास म्हणून याची नोंद होते. इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. तारेचं वेष्टन झिजलं, तिथे मोज्याचा बंद गुंडाळला. इंधन संपलं, ते औषधाच्या दुकानातून घेतलं. ब्रेक झिजले, त्यांना चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. पाणी तर वाटेत मिळेल तिथे ओतत गेल्या.

"म्हणजे बाईनं ४३ वस्तू नेल्या नव्हत्या," मालकीणबाई म्हणाल्या.

"त्या काळी मिळत नव्हत्या."

"आणि नवराही नेला नव्हता."

याच पानावर पुढे लिहिलं होतं, की फॅन बेल्ट तुटल्यास विलायती पुस्तकं बायकांचा नायलॉनचा लांब मोजा बांधायला सांगतात. त्याला स्थानिक पर्याय म्हणून मालकांनी परकराची नाडी सुचवली होती. ती ओळ दुसऱ्या दिवशी वेगळ्या शाईने खोडलेली आढळली.

स्टेपनीवर मालकांचा विशेष जीव. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तिथे १९०४ च्या सुमारास डेव्हिस बंधूंनी मोटारींसाठी जादा चाक बनवलं आणि त्याला रस्त्याचं नाव दिलं. इंग्रज ते नाव विसरून गेले, आपण धरून बसलो. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मालकांच्या स्टेपनीवर ०८०९ होतं, म्हणजे २००९ सालचा आठवा आठवडा. "एकदाही वापरलेली नाही," ते अभिमानाने सांगत. तिच्यात हवा आहे का, हे मात्र कुणी विचारलं नाही आणि वहीतही ते कलम नव्हतं.

सर्वांत मोठं काम म्हणजे तापमानाचा काटा. मूळच्या काट्यावर विश्वास नाही म्हणून मालकांनी जुन्या बाजारातून एक भलामोठा गोल काटा आणला आणि डॅशबोर्डखाली स्वतःच्या हाताने बसवला. त्यासाठी रेडिएटरचा वरचा होज पाइप काढावा लागला. तो परत बसवताना नवी क्लिप घातली. मग रोज संध्याकाळी बॉनेट उघडून त्या क्लिपला स्क्रू-ड्रायव्हरने एकेक आटा द्यायचा, हा त्यांच्या संध्येचाच भाग झाला. ढिलं राहायला नको.

मे महिन्यातल्या एका पहाटे प्रवास सुरू झाला. मार्ग सांगली, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, नागपूर. वाटेत तुळजाभवानीची ओटी भरायची म्हणून मालकीणबाईंनी खण, नारळ, तांदूळ आणि हळदी-कुंकवाच्या पुड्या वेगळ्या पिशवीत घेतल्या होत्या. अंबाबाईचं बाहेरूनच दर्शन झालं, कावळा नाका मागे पडला, तावडे हॉटेलपाशी महामार्ग लागला आणि पंचगंगेचा पूल आला. या पुलापलीकडेच सांगली फाटा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये नदी इथे थेट महामार्गावर चढून बसली होती आणि पुणे–बंगळूर वाहतूक कित्येक दिवस तुटली होती. त्या सकाळी नदी आपल्या जागी शांत होती. उकळत होतं ते दुसरंच.

सांगली फाट्याला उजवीकडे निघायचं असतं. मालकांचं लक्ष काट्यावर होतं. काटा हळूहळू चढत होता आणि मालक त्याचं कौतुक करत होते : "बघ, कसा बरोबर दाखवतोय!" फाटा गेला. काटा लाल पट्ट्यात गेला. मग बॉनेटच्या फटीतून वाफ आली, फस्सकन आवाज झाला आणि शिरोली एमआयडीसीच्या बाजूला, सेवा रस्त्याच्या धुळीत, पद्मिनी थांबली. घरापासून अंतर नऊ किलोमीटर. नागपूर आठशेच्या आसपास.

मालक फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे धावले. मालकीणबाई ओरडल्या, "हात लावू नका! कुकरचं झाकण शिट्टी पडायच्या आधी उघडता का?"

त्यांनी जे सांगितलं तेच वहीच्या सतराव्या पानावर होतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, त्यामुळे इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. बंद झाकणाखाली दाब वाढला की तेच पाणी ११०-१२० अंशांपर्यंत उकळी न येता राहू शकतं. झाकण उघडलं की दाब जातो आणि सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. मालकांनी हे स्वतःच्या अक्षरात लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. पण वही डिकीत, सगळ्यात तळाशी होती. महामार्गावरच्या मदतीचा १०३३ हा क्रमांकही त्याच वहीत, चौथ्या पानावर.

आता निवण्याची वाट बघायची. सकाळचे पावणेसात, कुठलंही दुकान उघडं नाही. पाण्याचे कॅन काढायचे तर डिकी रिकामी करणं आलं. मालकांनी सतरंजी अंथरली आणि त्यावर एकेक वस्तू मांडायला सुरुवात केली. पाने मापाच्या क्रमाने, प्लग चारही, बेल्ट, पॉइंट, साबण, दोर. दहा मिनिटांत एक सायकलवाला थांबला, खाली बसला आणि पाना उचलून म्हणाला, "ह्यो बावीसचा कितीला?"

मालक रागाने काही बोलायच्या आत मालकीणबाईंनी विचारलं, "तुम्ही किती देता?"

सायकलवाला गेला तोवर चार तज्ज्ञ जमले. कोल्हापुरात गाडी बंद पडण्याचा हा खरा धोका आहे. बाकीच्या गावांत मेस्त्री शोधावा लागतो, इथे प्रत्येक जण मेस्त्री असतो. याला परंपराही आहे. बाबूराव पेंटर यांचं मूळ आडनावच मेस्त्री. या माणसाने १९१८ मध्ये कोल्हापुरात स्वतःच्या हाताने चित्रपटाचा कॅमेरा बनवला. त्या हिशेबाने पद्मिनी काय चीज! पेपरवाला म्हणाला थर्मोस्टॅट अडकलाय. रिक्षावाला म्हणाला हेड गॅस्केट गेलं. दूधवाल्याने तेलाची काडी ओढून बोटावर घासली आणि काहीच बोलला नाही, त्यामुळे त्याचा वट सर्वांत जास्त राहिला. चौथ्याने नुसतं डोकं आत घालून "आगा बाबाऽऽ" म्हटलं आणि फोटो काढला.

टपरीवरल्या मावशींनी बादलीभर पाणी आणून दिलं. पैसे विचारले तर हसल्या. "पाण्याचं काय पैसं घ्यायचं? हितं पाणी कधी कमी न्हाई पडलं. एकोणीस साली तर माझ्या टपरीतच आलतं." मग सांगू लागल्या, की तेव्हा ट्रकांची रांग लागली होती, कन्नड बोलणारे, हिंदी बोलणारे, दिवसेंदिवस अडकलेले. गावातल्या घराघरांतून भाकऱ्या जात होत्या. त्यांची स्वतःची टपरी पाण्याखाली आणि त्या शेजारणीच्या चुलीवर भाकऱ्या थापत होत्या. हे त्यांनी चहा गाळता गाळता सांगितलं आणि 'साखर कमी का?' असं विचारून विषय संपवला. मालकांना नऊ किलोमीटरवर अडकल्याचं दुःख थोडा वेळ बोलून दाखवता आलं नाही.

शेजारून ट्रक मात्र भोंगे वाजवत जात होते. कागल–सातारा सहापदरीकरणामुळे रस्ता कुठे आहे आणि वळण कुठे आहे, हे दर आठवड्याला नव्याने शिकावं लागतं. ज्याला पुढे जायला जागा नाही तो जास्त जोराने वाजवतो. मालकांनी लाल त्रिकोण लावला. तो एका ट्रकच्या वाऱ्याने उडून टपरीवर गेला. मावशींनी त्यावर बरणी ठेवली.

खरी चेष्टा पुढेच होती. गाडी जिथे बंद पडली तिथून दगड मारला तर तो फौंड्रीत पडेल. उसाला पाणी पाजायला नदीकाठी ऑइल इंजिनं आली, ती बिघडू लागली, आणि ती दुरुस्त करता करता कोल्हापूरच्या मेस्त्रींनी आधी सुटे भाग आणि मग अख्खी इंजिनंच बनवायला घेतली. शिवाजी उद्यमनगर त्यातून फुगलं, मग शिरोली, मग गोकुळ शिरगाव. आज देशातल्या बड्या मोटार आणि ट्रॅक्टर कंपन्यांचं ओतकाम इथून जातं. मेननचे पिस्टन शिरोलीचे, वर्तमानपत्रं छापणारी मनुग्राफची यंत्रं शिरोलीची. भिंतीपलीकडे लोखंड १,४०० अंशांच्या आसपास वितळवून साच्यात ओतत होते, थेंब इकडचा तिकडे न होता. भिंतीअलीकडे मालकांना १०० अंशांचं पाणी सांभाळता आलं नव्हतं. आणि एवढ्या कारखान्यांत मिळून हातभर रबरी नळी मिळेना. इथे माल विचारला तर 'किती टन?' असं विचारतात.

सातला रात्रपाळी सुटली. माणसं बाहेर आली ती काळ्या वाळूने माखलेली, डोळे आणि दात तेवढे पांढरे. त्यातले एक पंचावन्न-छप्पन्नचे गृहस्थ डबा हातात घेऊन थांबले. त्यांनी कुणालाही काही विचारलं नाही. वाकून होज पाइपावर बोट फिरवलं आणि क्लिपपाशी थांबवलं. रबर क्लिपच्या कडेने सुरीने कापावं तसं कापलं गेलं होतं.

"क्लिप कुणी आवळलीया?"

चार तज्ज्ञांनी एकमेकांकडे बघितलं. मालकांनी आकाशाकडे बघितलं. मालकीणबाईंनी मालकांकडे बघितलं.

"रबर हाय मालक ह्ये, लोखंड न्हवं. लोखंडबी आवळायला लिमिट असतंय."

त्यांनी पाइप सोडवला, ब्लेडने चिरलेलं टोक दीड बोट कापून टाकलं आणि राहिलेला पाइप ओढून परत चढवला. पाइपाला बाक होता म्हणून तो पुरला. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी मावशींच्या टपरीवर मिळाली, ती गच्च गुंडाळली. क्लिप बसवली आणि स्क्रू जेमतेम टेकवला. मालकांचा हात नकळत स्क्रू-ड्रायव्हरकडे गेला. मालकीणबाईंनी तो आधीच उचलला होता. काही न बोलता त्यांनी तो आपल्या पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली.

पाणी भरल्यावर दुसरं निघालं. रेडिएटरच्या सांध्यातून टिप टिप गळत होतं. गृहस्थ म्हणाले, "हळद हाय का?"

जुन्या गाड्या आणि ट्रक चालवणाऱ्यांचा हा घरगुती उपाय आहे. हळदीची पूड पाण्यात फुगते, वाहत जाऊन बारीक भोकात अडकते आणि गळती थांबवते. रेडिएटर साफ करणारे त्याला शिव्या घालतात, कारण हळदीला भोक कुठलं आणि नळी कुठली ते कळत नाही, ती दोन्ही बुजवते. पण अडचणीत चालतं. मालकांच्या ४३ वस्तूंत हळद नव्हती. ओटीच्या पिशवीत होती.

मालकीणबाई क्षणभर थांबल्या. मग पिशवी उघडली, पुडी कपाळाला लावली आणि म्हणाल्या, "घाला. सांगलीवरूनच तर जायचंय, देवीला ताजी घेऊ."

रेडिएटरमध्ये हळद पडली. इंजिन चालू केलं. पाच मिनिटांत थेंब थांबला आणि सगळीकडे लग्नघरासारखा वास सुटला. कुंकवाचं बोट बॉनेटला लावायचा मोह मालकीणबाईंना आवरला नाही. दूधवाल्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं : "आता नवरी सासरला पोचती."

गृहस्थ निघाले नाहीत. इंजिन चालू असताना ते ब्लॉककडे बघत राहिले. मग डब्यातल्या रुमालाने हात पुसून त्यांनी ब्लॉकच्या कडेवरून, जिथे गरम नव्हतं तिथून, बोट फिरवत नेलं. साच्याचे दोन भाग मिळतात तिथली बारीक रेघ ओतकामावर राहते. ती त्यांनी अंधारात वाट चाचपावी तशी शेवटपर्यंत चाचपली.

"किती सालची?"

"पंच्याण्णव."

"तीस वर्सं... कुणीतरी झ्याक वतलाय ह्यो." मग थोडं थांबून, "आमी वतल्यालं भट्टीतनं निघतंय, ट्रकात बसतंय, जातंय. गाडीत बसल्यालं कुठं बघाय मिळतंय?"

मालकांनी खिशात हात घातला. गृहस्थांनी मान हलवली, झाकण पहिल्या खाचेवर ढिलं ठेवायला सांगितलं, म्हणजे दाब धरणार नाही, आणि डबा घेऊन चालू लागले. सोबतचे पुढे गेले होते, त्यांना गाठायला ते जरा पळालेच.

पुढचा प्रवास थोडक्यात. स्टेपनीत हवा नसल्याचं हातकणंगल्याजवळ डिकी पुन्हा उघडली तेव्हा लक्षात आलं. सांगली ही हळदीची पेठ, २०१८ मध्ये तिथल्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. दुकानदाराने 'किती देऊ?' विचारलं तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "एक पुडी देवीला, पाव किलो गाडीला." दुकानदाराने निमूटपणे दोन वेगळ्या पिशव्या केल्या. त्याच्याकडे असे बरेच येत असावेत. नवा होज पाइप सोलापूरला एका भंगारवाल्याकडे निघाला. सोलापूरच्या उन्हात पेट्रोल नळीतच उकळून गाडी दोनदा थांबली, तेव्हा इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवलं. वहीतली एवढी एकच युक्ती खरी उपयोगी पडली. तुळजापुरात ओटी भरली, गर्दी होती. नागपूरला चौथ्या दिवशी पोचले, ऊन होतं. मेहुण्याने दारात बॉनेटवरचं कुंकू बघून विचारलं, "दाजी, लग्न कुणाचं?"

परतताना मात्र मालकांनी फाटा मुद्दाम चुकवला. नागपूरहून आणलेल्या संत्रा बर्फीचा डबा घेऊन ते फौंड्रीच्या गेटवर गेले. वॉचमनने रजिस्टर उघडलं.

"कुणाला भेटायचंय? नाव?"

नाव विचारायचं राहून गेलं होतं. मालकांनी वर्णन केलं : पंचावन्न-छप्पन्न वय, रात्रपाळी, डबा. वॉचमन म्हणाला, डबा सगळ्यांकडे असतो. मालकांनी आठवून आठवून सांगितलं, "ते... ओतकामावरून असा हात फिरवतात."

"सगळेच फिरवतात, मालक."

बर्फीचा डबा अखेर केबिनच्या टेबलावर राहिला. वॉचमनने त्यावर 'रात्रपाळी' असं खडूने लिहिलं. मावशींकडे चहा झाला, लाल त्रिकोण परत मिळाला. निघताना मालकांनी बॉनेट उघडलं, वाकून क्लिप बघितली आणि बराच वेळ बघत राहिले. नुसतीच बघितली. स्क्रू-ड्रायव्हर अजून मालकीणबाईंच्या पर्समध्ये होता.